माझ्या पॅनवर दुसऱ्याचंच कर्ज: वसुलीचा फोन आला तर काय कराल

माझ्या नावावर कर्ज आहे हे मला वसुलीवाल्याकडून कळलं. "मॅडम, हप्ते थकलेत. आज भरताय की घरी माणूस पाठवू?" कुठल्या ॲपवरून घेतलं, कधी घेतलं, काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच, "पॅन तुमचा आहे ना? मग कर्जही तुमचंच." थोड्या वेळाने साहेबांचा आवाज मवाळ झाला. निम्मे भरा, सेटल करून टाकू, तुमचीही कटकट मिटेल म्हणे.

खरी मेख इथेच असते. अशा कर्जांची रक्कम बहुधा लहान असते, नातेवाइकांना फोन जातील ही धास्ती मोठी असते, आणि माणूस वैतागून पैसे भरून मोकळा होतो. पैसे भरले की उद्या "कर्ज तुमचंच होतं, म्हणून तर भरलंत" असं म्हणायला कंपनी मोकळी. शिवाय क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदींवर, 'सेटल्ड' (तडजोडीने मिटवलेलं) असा शेरा बसतो आणि पुढे गृहकर्ज मागायला गेलात की बँक बोट ठेवते ते त्यावरच. मी फोनवर वाद घातलाच नाही. जे असेल ते ईमेलवर लेखी पाठवा, एवढंच सांगितलं. वसुलीच्या फोनसाठी रिझर्व्ह बँकेने सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ही वेळ घालून दिली आहे. त्याबाहेर आलेल्या फोनचे स्क्रीनशॉट ठेवा, तक्रारीला जोडता येतात.

मग क्रेडिट रिपोर्ट काढले. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण हे रिपोर्ट बनवणाऱ्या संस्था चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा. स्कोअर बघून रिपोर्ट बंद करू नका, एन्क्वायरीचा, म्हणजे तुमच्या नावाने कर्ज मागितल्यावर कुणी कुणी तुमची नोंद तपासली याचा, भाग वाचा. माझ्या रिपोर्टमध्ये एकाच आठवड्यात बऱ्याच कंपन्यांनी चौकशी केल्याची नोंद होती आणि संपर्काच्या रकान्यात माझा नसलेला मोबाईल नंबर. म्हणजे चोराने अनेक दारं ठोठावली होती, त्यातलं एक उघडलं. न मिळालेल्या कर्जांच्या चौकशांनीही स्कोअर घसरतो, त्यामुळे त्या प्रत्येक कंपनीला वेगळं लिहावं लागतं. वैताग आहे खरा, पण तिथेही चोराचा अर्ज पडलेला असतो, आणि तो पुरावाच आहे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलेल्या ईमेलचा. "मी कर्ज घेतलेलं नाही" एवढंच लिहिलं की ठरावीक छापाचं उत्तर येतं. त्याऐवजी कागद मागा: कर्जाचा करार, केवायसीची कागदपत्रं, सेल्फी, ओटीपी कोणत्या नंबरवर गेला, अर्ज कोणत्या आयपी ॲड्रेसवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून) आला, आणि मुख्य म्हणजे पैसे कोणत्या खात्यात जमा केले. डिजिटल कर्जाची रक्कम, काही अपवाद सोडले तर, थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. मग ते खातं माझं आहे हे तुम्ही कसं तपासलंत, हा प्रश्न त्यांना टाळता येत नाही. मला आलेल्या फाईलमध्ये पॅन आणि जन्मतारीख माझी होती. बाकी ईमेल अनोळखी, खातं अशा बँकेतलं जिथे माझं कधी खातंच नव्हतं, आणि सेल्फी अंधारात काढलेला अर्धा चेहरा, जो कुठूनही माझा वाटत नव्हता. तो फोटो कुणीतरी मंजूर केला होता!

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "तुमचे पैसे गेलेत का? नाही ना? मग तक्रार कसली?" उत्तर तयार ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली दुसऱ्याच्या ओळखीचा अप्रामाणिकपणे वापर करणं हाच गुन्हा आहे, त्यासाठी तुमचे पैसे जावे लागत नाहीत. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. सोबत ६६डी आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९, म्हणजे तोतयेगिरी करून फसवणूक, हीसुद्धा अर्जात लिहा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार जरूर करा, पण तिथे मिळणारा पोच क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. एफआयआर घ्यायला नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, आणि तिथेही हाललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

पोलिसांची वाट बघत बसू नका, रिपोर्टच्या दुरुस्तीचा अर्ज त्याच वेळी टाका. क्रेडिट संस्था कंपनीच्या होकाराशिवाय नोंद बदलत नाही, पण दोघींना मिळून ३० दिवसांची मुदत आहे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. ईमेलमध्ये या नियमाचा उल्लेख करा, उत्तराचा सूर बदलतो. ३० दिवसांत दाद लागली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर अशा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. अर्ज ऑनलाइन, फी नाही, वकील लागत नाही. पोलिसांत तक्रार चालू आहे म्हणून लोकपालाकडे जाता येत नाही असं मला एकाने ठासून सांगितलं होतं. ते चूक आहे, पोलीस तपास आड येत नाही. दिवाणी दावा किंवा ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर मात्र त्याच तक्रारीसाठी लोकपालाचं दार बंद होतं, म्हणून क्रम जपून ठरवा.

शेवटी कंपनीने कळवलं की खातं 'क्लोज' केलं आहे आणि 'नो ड्यूज' (काही येणं बाकी नाही) प्रमाणपत्र जोडलं आहे. मी ते परत पाठवलं. 'क्लोज्ड' म्हणजे कर्ज माझं होतं आणि ते फिटलं. मला हवं होतं ते वेगळं पत्र: हे कर्ज या व्यक्तीने घेतलेलं नाही, फसवणुकीचं प्रकरण आहे, आणि चारही संस्थांना नोंद काढून टाकायला कळवलं आहे. बरीच ईमेलबाजी झाल्यावर ते मिळालं. आरोपी अजून सापडलेला नाही. पत्राची एक प्रत तपास अधिकाऱ्याकडे दिली आहे, आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर माझ्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही बघून घेतलं. त्यात एक अनोळखी नंबर निघाला, तो 'माझा नाही' म्हणून तिथल्या तिथे कळवला.