वेज पिलो, १० इंची: फोम पक्का, कापड निसरडं

या वेज पिलोबद्दल, म्हणजे पाचरीसारख्या उतरत्या उशीबद्दल लिहायचंय, पण सुरुवात भाकरीपासून करावी लागेल. दीड वर्षापूर्वी घास छातीत अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, शेवटी पेजसुद्धा. मी मात्र ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत बसलो. वजन ११ किलो उतरल्यावर एंडोस्कोपी केली, तुकडा तपासायला गेला. अन्ननलिकेचा कॅन्सर. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. "तंबाखू?" असं डॉक्टरांनी विचारल्यावर माझ्याआधी हिनंच उत्तर दिलं.

रेडिएशनचे २३ शेक, आठवड्याला एक असे किमोचे ५ डोस आणि मग ऑपरेशन. रोगट अन्ननलिका काढून जठराचीच नळी करतात, ती छातीतून वर ओढून जोडतात. त्यात जठराच्या तोंडाशी असलेली झडप जाते. सपाट झोपलं की पित्त, खाल्लेलं, सगळं घशाशी. झोपेत ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया.

आधी तीन उशा रचून पाहिल्या. मान वाकते, पोट चेपतं आणि उलट जास्तच वर येतं. उतार कंबरेपासून हवा, तो या उशीत मिळतो.

१,९०० रुपयांना ऑनलाइन मागवली. सात महिने झाले, फोम जराही बसलेला नाही. पण कापड? रात्री अकराला वर टेकलेला माणूस तीनला गादीच्या मध्यावर! घाटात गाडी उतरताना मागच्या सीटवरची पोती पुढं यायची, तसा. शेवटी हिनं उशीवर जुन्या लुगड्याची गोधडी घातली, माझ्या गुडघ्याखाली लोड सारला, तेव्हा घसरणं थांबलं. रुंदी २४ इंच. कुशीवर झोपणाऱ्याचा हात बाहेर लोंबकळतो, त्यांनी मोठी घ्यावी.

उशी आली म्हणून उशिरा जेवायची मुभा मिळत नाही. मी साडेसातला वाटीभर खातो, साडेदहाला पाठ टेकतो. नातवाच्या वाढदिवसाला नऊ वाजता श्रीखंड चापलं. जठरात आता गोड थांबत नाही, थेट आतड्यात उतरतं. दरदरून घाम, धडधड, आणि मग आंबट पाणी घशाशी. रात्र त्याच उशीला पाठ लावून बसून काढली. त्याचे स्टार उशीचे कशाला कापू?

साडेतीन स्टार. एक कापडाचा गेला, अर्धा चेनचा. ती नेमकी मानेखाली येते. कव्हर उलटं चढवा.