बेघर निवारा केंद्रातील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण: सभागृहात की केंद्रातच?

सोलापुरात बेघर निवारा केंद्र चालवणाऱ्या संस्थेपुढे प्रशिक्षणाचे मुख्यतः दोन मार्ग असतात. सर्व कर्मचाऱ्यांना सभागृहात बसवून दोन दिवसांची कार्यशाळा घेता येते, किंवा अनुभवी समाजकार्यकर्त्याला काही महिने केंद्रातच काळजीवाहकांच्या सोबतीला ठेवता येते.

कायदा समजावून देण्यासाठी कार्यशाळा निश्चितच सोयीची आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार, पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या मनोरुग्ण व्यक्तीला कोठडीत ठेवता येत नाही आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. व्यक्ती बेघर असेल, तर ती हरवल्याची नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणे हेही पोलिसांचेच काम आहे. हे ठाऊक असलेला काळजीवाहक पोलिसांशी ठामपणे बोलू शकतो. एवढ्यासाठी अर्धा दिवस मात्र पुरतो.

खरी कसोटी रात्रपाळीत लागते. रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तुटली की त्याचे हात थरथरतात, घाम फुटतो, तो असंबद्ध बोलू लागतो. ही नशाच आहे असे समजून त्याला कोपऱ्यात झोपवले आणि पुढे झटके आले, तर ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी त्याला तातडीने सिव्हिल हॉस्पिटलला हलवायचे असते, आणि ही पारख व्याख्यानातून येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या माणसाने दाखवून दिली तरच ती अंगवळणी पडते. शिवाय या शहरात दारात आलेला माणूस तेलुगू, कन्नड किंवा दख्खनी बोलणारा असू शकतो. त्याला नाव-गाव विचारताना आवाज कसा ठेवावा, आधी पाणी द्यावे की नोंदवही पुढे करावी, हेही तिथेच शिकता येते.

या मार्गात धोकाही आहे: शिकवणाराच बेघरांवर खेकसणारा असेल, तर तीच सवय सगळ्यांना लागते. त्यामुळे निवड करताना पदवीपेक्षा त्याची केंद्रातील वागणूक आधी पाहावी.

शासकीय निकषानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा निवारा हवा, आणि २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती; म्हणजे साडेनऊशेंहून अधिक जणांची सोय हवी, आणि ती एका केंद्रात होणारी नाही. अनेक केंद्रांतील कर्मचाऱ्यांना एकाच वेळी तयार करायचे असल्यास आधी कार्यशाळा घ्यावी. केंद्र एकच असेल, तर माझा कौल निःसंशय दुसऱ्या मार्गाला आहे. थंडी आणि जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपूर्वी, म्हणजे ऑक्टोबरातच, सुरुवात करावी आणि शिकवणाऱ्याच्या रात्रपाळीच्या मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात आधीच करून ठेवावी.