क्वॉशिंग की डिस्चार्ज?

लॉजवर धाड पडते आणि मालकाबरोबर काउंटरवरच्या मॅनेजरचंही नाव मानवी तस्करीच्या गुन्ह्यात येतं. कलम १४३, भारतीय न्याय संहिता : किमान ७ वर्षं सक्तमजुरी. घरचे म्हणतात, थेट हायकोर्टात जाऊ.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली हायकोर्टात एफआयआर रद्द होऊ शकतो (हेच क्वॉशिंग), पण तिथे फिर्याद जशीच्या तशी खरी धरून बघतात. तुमचा बचाव तोलत बसत नाहीत. पीडितेचं ‘तक्रार नाही’ असं प्रतिज्ञापत्रही फारसं कामाचं नाही. कलम १४३ मध्ये तिची संमती गैरलागूच आहे. एफआयआरमध्ये मॅनेजरची कृतीच लिहिलेली नसेल, तर मात्र हाच रस्ता.

डिस्चार्ज, म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच खटल्यातून मुक्तता, मिळतो सत्र न्यायालयात, चार्जशीट आल्यावर. तिथे कागद बोलतो : पंचनाम्यात जप्त झालेलं रजिस्टर, त्याला स्टेपल केलेली आधारची झेरॉक्स, पीडितेच्या जबाबात मॅनेजर नेमका कुठे आहे (बरेचदा फक्त ‘चावी दिली’ एवढाच). खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत अर्ज हवा, आणि हायकोर्टाच्या नादात हीच मुदत हुकते. अर्ज फेटाळला तरी वर दाद मागता येते. मॅनेजरसाठी मी डिस्चार्जच निवडेन.