चकचकीत नळीवरचे 34 अंश

टेम्परेचर गन, म्हणजे लाल ठिपका पाडणारं ते पिस्तूल, हवेचं तापमान मोजत नाही. समोरच्या वस्तूच्या पृष्ठभागावरून जी उष्णतेची किरणं येतात, ती मोजतं. हवा त्याला दिसतच नाही. गिऱ्हाइकाला हे सहसा माहीत नसतं, आणि त्यावर काही जणांचा चांगला धंदा चाललाय. नव्या गाडीवाल्याला वॉरंटीची भीती असते, तो कुणाला बोनेटखाली हात घालू देत नाही. म्हणून ‘इंजिनात जाणारी हवा थंड करतो’ असं सांगून विकला जाणारा हा माल बहुतेक जुन्या गाडीवाल्यांच्याच गळ्यात मारला जातो. माझ्या गळ्यात साडेअकरा हजारांना मारला.

गाडी मारुतीची एस्टीम, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल सोडणारी), 1298 सीसीची. हे मॉडेल कंपनीने 2007 मध्ये बंद केलं, पण माझी अजून उत्तम चालते. तक्रार एकच होती. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी एसी लावून उड्डाणपूल चढायला घेतला की गाडी जड व्हायची. नेहमीच्या मिस्त्रीने प्लग पाहिले, क्लच पाहिला, एअर फिल्टर बदलला आणि सांगितलं, "भाऊ, ऊनच तसं आहे." मग ओळखीतल्या एकाने शहराबाहेरच्या एका ‘परफॉर्मन्स’वाल्या गॅरेजचं नाव सुचवलं.

तिथल्या पोराने बोनेट लगेच उघडलं नाही. आधी खुर्ची दिली, चहा मागवला, गाडीची तारीफ केली. उन्हातून तासभर चालवून आणलेली गाडी तोवर बंद, बोनेट खाली, उभी. चहा संपल्यावर त्याने बोनेट उचललं आणि फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या काळ्या रबरी नळीवर गन धरली. 71. मग डॅशबोर्डखाली स्कॅनर जोडला, चावी फिरवून इंजिन न चालवता आकडा दाखवला. इनटेक हवा, म्हणजे इंजिन ओढतं ती, 66 अंश.

"काका, इंजिन गरम हवा ओढतंय. श्वास कोंडलाय त्याचा."

यातलं अर्धं खरं होतं, म्हणून तर ते पटतं. गरम हवा विरळ असते. 30 अंशांची हवा 60 अंशांवर गेली तर तेवढ्याच जागेत साधारण नऊ टक्के हवा कमी मावते. हवा कमी तर पेट्रोलही कमी आणि ताकदही कमी. शिवाय गरम हवेत नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप भडकण्याचा, धोका वाढतो, म्हणून इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यात आणखी ताकद जाते. त्यासाठीच हवेच्या वाटेवर एक तापमानाचा सेन्सर बसवलेला असतो.

खोटेपणा होता मोजण्याच्या वेळेत. तापलेली गाडी बंद केली की रेडिएटरचा पंखा थांबतो, समोरून येणारा वारा थांबतो, आणि इंजिनाची सगळी धग बंद बोनेटखाली साठते. नळी, फिल्टरचा डबा, सेन्सर, सगळं त्या धगीत शेकतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत कुठल्याही गाडीचा आकडा चढतो, नव्या कोऱ्या गाडीचासुद्धा. धावत्या गाडीचं इंजिन जी हवा ओढतं तिच्याशी या 71 चा काही संबंध नसतो. चहा त्यासाठी होता.

इलाज तयारच होता: चकचकीत पॉलिश केलेली ॲल्युमिनियमची नळी, तिच्या टोकाला लाल कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा, डब्याशिवायचा उघडा एअर फिल्टर), आणि ‘कूलिंग मॉड्यूल’ नावाची अंगठ्याएवढी काळी गुंडाळी, तिच्यावर विजेच्या चित्राचं स्टिकर. मूळ फिल्टरचा डबा काढून पोत्यात घालून दिला. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा ती शेडबाहेर, उघड्यावर उभी होती, बोनेट वर. पोराने नव्या नळीवर गन धरली. 34. इंजिन चालू करून स्कॅनर दाखवला. 22.

"पाहा काका, 71 चे 34. आणि कॉम्प्युटर तर 22 म्हणतोय!"

मी नळीकडे हात नेला तर म्हणाला, "हात नका लावू, पॉलिशवर डाग पडतो."

त्या वेळी सावलीत 42 अंश होते. ना बर्फ, ना एसीची कॉइल, नुसत्या नळीतून जाणारी 42 अंशांची हवा 34 ची कशी होईल? आणि 22 ची हवा मे महिन्यात नागपुरात आणायची कुठून? पण त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला आकडा किती उतरला एवढंच दाखवतात, आणि पाहणाऱ्याचं लक्षही तिथेच राहतं. गनचा आकडा आणि स्कॅनरचा आकडा एकमेकांशीसुद्धा जुळत नव्हते.

34 कुठून आले ते आधी सांगतो. काळं रबर, काळं प्लॅस्टिक, रंग दिलेला पत्रा, हे आपली उष्णता किरणांच्या रूपाने जवळजवळ पुरेपूर बाहेर टाकतात. बाजारातल्या साध्या गन तेच गृहीत धरून आकडा काढतात. पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम मात्र उष्णतेच्या बाबतीत आरशासारखं वागतं. स्वतःची किरणं फार थोडी टाकतं, समोर जे असेल ते परतवतं. म्हणजे गन त्या नळीत नळीचं नव्हे, समोरच्या वस्तूचं तापमान वाचते. आणि बोनेट उघडून गाडी उघड्यावर लावली की नळीसमोर काय असतं? आकाश. निरभ्र आकाश अशा गनला हवेपेक्षा कितीतरी थंड दिसतं. पोराने गाडी शेडबाहेर का काढली होती हे मला फार नंतर उमगलं.

घरी आल्यावर याची तपासणी पाच रुपयांत झाली. नळीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा घट्ट चिकटवला, इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं आणि पोर्चमध्येच गन धरली. टेपवर 63. टेपच्या शेजारी, बोटभर अंतरावर, चकचकीत भागावर 44. तीच नळी, तीच वेळ. कुठला आकडा खरा ते हात लावला तर गनशिवायही कळतं. टेपवरचा हात तर लगेच मागे घ्यावा लागला.

आता स्कॅनरचे 22. हवेच्या तापमानाचा सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. माझ्या गाडीतल्या प्रकारात 20 अंशांना साधारण 2.4 किलोओहम, 40 ला सव्वा किलोओहमच्या आत, 60 ला अर्ध्या किलोओहमच्या जरा वर. ईसीयू फक्त हा रोध पाहतो आणि त्यावरून तापमान ठरवतो. कूलिंग मॉड्यूल सेन्सरच्या कपलरशी एका वायरमध्ये जोडलं होतं. ते काढून मल्टिमीटरची दोन टोकं लावली. दीड किलोओहम. हेअर ड्रायरने तापवलं, बर्फावर ठेवलं, आकडा हलला नाही. ब्लेडने काळं आवरण कापलं. आत तपकिरी, हिरव्या, लाल पट्ट्यांचा एक रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा साधा भाग, आणि बाकी नुसता हॉट ग्लू. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात असला रेझिस्टर दोन रुपयांना मिळतो.

हिशेब सोपा आहे. 50 अंशांच्या हवेत सेन्सर दाखवतो सुमारे 0.8 किलोओहम. त्यात दीड मिळवले की ईसीयूला दिसतात 2.3, म्हणजे जेमतेम 22 अंश. हवा तेवढीच गरम, फक्त ईसीयूला खोटं सांगितलं. स्कॅनर तर ईसीयू जे समजतो तेच दाखवणार. पेशंटला ताप असताना थर्मामीटर माठात बुडवून आणावा, तशातला हा उपचार.

याचे परिणाम मात्र खरे असतात. थंड हवा आहे असं समजून ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो आणि ठिणगी लवकर पाडतो. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलची चूक बरीचशी सावरून घेतो, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो कामाला येत नाही. आणि हवा प्रत्यक्षात तापलेली असताना ठिणगी लवकर पडली की उड्डाणपुलावर टिक-टिक असा धातूचा आवाज येतो. ते नॉकिंग. जास्त दिवस चाललं तर पिस्टन जातो. कोन फिल्टरमुळे हवा ओढण्याचा आवाज मोठा होतो, तो ऐकून सुरुवातीला पिकअप वाढल्यासारखा वाटतो. ॲव्हरेज मात्र पहिल्या दोन टाक्यांतच घसरलं.

खरं मोजायचं असेल तर के-टाइप थर्मोकपल, म्हणजे टोकाशी तापमान मोजणारी पातळ वायर, लागतो. तो जोडायची सोय असलेला मल्टिमीटर बऱ्याच दुकानांत मिळतो. पातळ वायरचं टोक फिल्टरच्या डब्यात, फिल्टरच्या बाहेरच्या अंगाला सोडायचं. आतल्या अंगाला नको, तुटलं तर थेट इंजिनात जाईल. टोक प्लॅस्टिकला टेकू द्यायचं नाही, हवेत लोंबतं ठेवायचं. वायर बोनेटच्या रबराखालून आणि दाराच्या फटीतून आत घ्यायची, आणि शेजारी बसलेल्या माणसाने आकडे वाचायचे. उभ्या गाडीचे आकडे बाजूला ठेवायचे. एकसारख्या वेगाने थोडा वेळ चालवल्यावर जे येईल ते खरं, आणि तेही बाहेरच्या सावलीतल्या तापमानाशी ताडून.

तसं मोजलं तेव्हा बाहेर 41 होते. कोन फिल्टरच्या तोंडाशी, धावत्या गाडीत, 56. सिग्नलला उभं राहिल्यावर 70 च्या वर. उघडा कोन फिल्टर बोनेटखाली, एक्झॉस्टच्या धगीतच बसवला होता, तो थंड हवा आणणार कुठून? मग पोत्यातला मूळ डबा परत बसवून मोजलं. 52. हेही जास्तच होतं, म्हणून नीट पाहिलं. डब्याला पुढून हवा आणणारं प्लॅस्टिकचं नाकाड जागेवर नव्हतं, कधीतरी तुटून पडलं असणार. डबासुद्धा बोनेटखालचीच हवा ओढत होता. भंगारवाल्याकडे दुसऱ्या एस्टीमचं नाकाड दीडशे रुपयांत मिळालं. ते लावल्यावर धावत्या गाडीत 45. सगळ्या तक्रारीचं मूळ तिथे होतं. जुन्या काही कार्ब्युरेटरच्या गाड्यांत एअर क्लीनरला उन्हाळा-हिवाळा अशा दोन खुणा असायच्या आणि मिस्त्री ऋतू बदलला की ते फिरवायचे. हवा कुठून येतेय हे बघायची सवय त्या पिढीला होती.

सेन्सरवरच शंका असेल तर तो काढून टोक बर्फाच्या पाण्यात धरा, मग कोमट पाण्यात, शेजारी थर्मामीटर. रोध सलग बदलत गेला तर सेन्सर ठीक आहे. कुणी ‘सेन्सर गेलाय’ म्हणत असेल तर त्याच्यासमोर हे करायला सांगा.

गॅरेजने मला बिल दिलं नव्हतं, डायरीच्या पानावर लिहिलेला आकडा दिला होता. पैसे यूपीआयने दिले होते एवढं बरं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे तक्रार नोंदवली, सोबत टेपवरच्या आणि नळीवरच्या आकड्यांचे फोटो, कापलेल्या मॉड्यूलचा फोटो, यूपीआयची नोंद. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलं तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, हेही मालकाला कळवलं.

मालकाचा फोन आला. आवाज चढवला, मग उतरवला, मग "काका, कशाला वाढवता" वर आला. नळी आणि फिल्टर परत करा, पैसे देतो म्हणाला. दिलेही, पण पूर्ण नाही. मॉड्यूल फोडलं म्हणून त्याचे बत्तीसशे रुपये कापून घेतले. उरलेल्या पैशांसाठी तक्रार चालूच ठेवली आहे. नळी त्याने पोराकडून कापडाने पुसून घेतली आणि शोकेसमध्ये परत लावली.