दुकानातला हमस बाळाला चालेल का? जळगाव-धुळ्यात मिळणाऱ्या डब्यांची पारख

हमसचा, म्हणजे वाटलेल्या चण्यांच्या घट्ट चटणीसारख्या पदार्थाचा डबा आता शहरातल्या मोठ्या सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये दह्या-चीजच्या शेजारी दिसतो. वरचं खाणं नुकतंच सुरू झालेल्या बाळाची आई तो हातात घेते, कारण आत काबुली चणे, तीळ आणि लिंबू असतं, म्हणजे सगळं ओळखीचंच. मोठ्यांसाठी हा पदार्थ चांगला आहे. सहा महिन्यांच्या बाळासाठी मात्र साधा, थंडगार डबासुद्धा आम्ही पहिली पसंती म्हणून सुचवणार नाही. हमस द्यावा, जरूर द्यावा, पण घरी वाटलेला आणि बिनमिठाचा.

आधी डब्याची मागची बाजू बघा. पोषणाच्या तक्त्यात सोडियमचा आकडा १०० ग्रॅममागे दिलेला असतो. साध्या हमसमध्ये तो साधारण ३५० ते ५०० मिलिग्रॅम निघतो. आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने एक वर्षाखालच्या बाळासाठी दिवसभराची मर्यादा सांगितली आहे, ती एवढीच. मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम हमस दिला तर साधारण ६० मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं. एखाद्या वेळी चाटवलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण रोज दोन-तीन चमचे गेले आणि त्यावर वरण-भातातलं मीठ आलं, की हिशोब बिघडतो. शिवाय खारट चवीची सवय लागते ती वेगळीच.

मिठापेक्षा महत्त्वाचे आहेत तीळ. हमसमधली ताहिनी म्हणजे वाटलेले तीळ, आणि तिळाची ॲलर्जी कधी कधी जोराची असते. अमेरिकेने २०२१ साली कायदा करून तिळाला मुख्य ॲलर्जीकारक पदार्थांत नववं स्थान दिलं, आणि १ जानेवारी २०२३ पासून तिथे पाकिटावर तसं लिहिणं बंधनकारक झालं. आपल्याकडे २०२० च्या लेबलिंग नियमांतल्या ॲलर्जीच्या यादीत दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, गहू आहेत, तीळ नाहीत. म्हणून ठळक अक्षरातल्या ॲलर्जीच्या ओळीत तीळ दिसले नाहीत तरी निर्धास्त होऊ नका. बारीक अक्षरातली घटकांची पूर्ण यादी वाचा. ‘ताहिनी’, ‘तिळाची पेस्ट’, ‘सेसमी’ यांपैकी काहीही असलं तरी ते तीळच.

म्हणूनच बाळाच्या तोंडी पहिल्यांदा हमस घालू नये. काही उमटलं तर चण्यामुळे की तिळामुळे, हे कळणार नाही. हरभऱ्याचीही ॲलर्जी असते. आधी नुसते चणे: मऊ शिजवून, वाटून, गाळून पाव चमचा. सकाळी द्यावेत, बाळ ठणठणीत असताना आणि लसीचा दिवस सोडून, म्हणजे पुढचे दोन तास लक्ष ठेवता येतं. तीन दिवस थोडं थोडं वाढवत न्या. ते पचले की ताहिनी: चहाच्या चमच्याचा चौथा हिस्सा, आधी खाऊन झालेल्या मऊ भातात किंवा कुस्करलेल्या केळ्यात नीट मिसळून. पुन्हा तीन दिवस. त्यानंतर हमस. आणि एकदा तीळ पचले की आठवड्यातून दोनदा तरी खाण्यात राहू द्या. मध्येच महिनोन्महिने बंद ठेवू नका. संक्रांतीत, बोरन्हाणात कुणी मायेने तिळगुळाचं बोट चाटवलं तर तीही तिळाची पहिली वेळच असते, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

बाळाला मोठ्या प्रमाणावर इसब असेल किंवा अंड्याची, शेंगदाण्याची ॲलर्जी आधीच निघाली असेल, तर हे घरी करून बघू नका; बालरोगतज्ज्ञांना विचारून मगच.

काय बघायचं? तोंडाभोवती लिंबू लागलं तेवढ्याच जागी लाली आली आणि थोड्या वेळात ओसरली, तर बहुतेक वेळा ती लिंबाची चुरचुर असते. अंगावर इतरत्र गांधी उठणं, ओठ-पापण्या सुजणं, लगोलग उलट्या ही ॲलर्जीची लक्षणं. खाणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. खोकला, शिट्टीसारखा श्वास, आवाज बसणं किंवा बाळ गळून पडणं यांतलं एक जरी दिसलं तरी घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन लावा. काही बाळांना एक ते चार तासांनी वारंवार उलट्या होऊन ती पांढरीफटक, सुस्त पडतात. तेही ॲलर्जीचंच रूप आहे, त्यालाही दवाखाना हवा.

डब्यातल्या हमसची दुसरी अडचण म्हणजे घट्टपणा. चमचा उलटा केला तरी तो खाली पडत नाही. असा गोळा बाळाच्या टाळूला चिकटतो. उकळून कोमट केलेलं पाणी किंवा आईचं दूध घालून तो इतका सैल करा की चमच्यावरून सावकाश ओघळला पाहिजे. नुसती ताहिनी चमच्याने कधीच देऊ नका, आणि अख्खा चणा तर मुळीच नाही.

तिसरी अडचण खास आपल्या भागातली. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास असतो. हमस ५ अंशांच्या खाली राहायला हवा. बाहेरची हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त वेळ तो बाहेर राहू नये. दुकानातून घरी येईपर्यंत उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किती वेळ जातो याचा विचार करा. डबा घेताना हाताला थंडगार लागतोय का बघा. झाकण फुगलेलं असेल तर ठेवून द्या. वर तेल सुटणं नेहमीचंच, आंबूस वास मात्र नको. रात्रभर वीज गेली असेल तर बाळाला तो डबा देऊ नका. उघडल्यावर लेबलवर आठवडाभर लिहिलं असलं तरी बाळासाठी तीन दिवस पुरेत, आणि उष्टा चमचा पुन्हा डब्यात घालू नये.

पेरी-पेरी, हॅलापिनो, लसूण-मिरचीचे प्रकार बाळासाठी नाहीतच. मध घातलेला असेल तर एक वर्षाच्या आत अजिबात नाही, कारण मधातून बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. बिटाचा हमस खाऊन शी लाल झाली तर घाबरू नका. पाणी घालून कालवायच्या पावडरीत पीठ भाजलेलं आहे की कच्चं हे लेबलवरून कळत नसेल तर ती घेऊच नका.

घरचा हमस मात्र सोपा आहे. चोपडा-अमळनेरकडे डॉलर हरभरा म्हणतात तो घ्या. १०० ग्रॅम चणे रात्रभर भिजवा आणि सकाळी पाणी फेकून द्या. बोअरचं पाणी जड असेल तर चणे लवकर शिजत नाहीत. गाळलेलं पाणी वापरा, सोडा घालू नका, त्यात सोडियमच असतं. लसणाची एक पाकळी सोबत टाकून सहा-सात शिट्ट्या घ्या. चणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा चेपला पाहिजे; मधे कणी लागली तर अजून दोन शिट्ट्या. गरम असतानाच चोळून सालं काढा: सालं राहिली की हमस रवाळ होतो आणि बाळाला जड जातो. पांढरे तीळ मंद आचेवर फक्त गरम करा. तांबूस झाले की कडवट लागतात. ते बारीक वाटले की ताहिनी झाली. शिजलेले १०० ग्रॅम चणे, एक मोठा चमचा ताहिनी, एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि लागेल तसं पाणी घालून वाटा. लिंबू वगळू नका, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे चण्यातलं लोह अंगी लागतं.

एक गोष्ट हटकून चुकते ती मिक्सरच्या भांड्यात. आपल्याकडे त्याच भांड्यात शेंगदाण्याची चटणी वाटली जाते. पात्याखालच्या रबरी रिंगेत कूट अडकून राहतो, नुसतं पाणी फिरवून तो निघत नाही. बाळाने शेंगदाणा अजून चाखला नसेल तर रिंग काढून, साबणाने घासून घ्या. आणि तेल घालायचंच तर शेंगदाण्याचं नको, तिळाचं घाला. उरलेला हमस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, महिनाभर टिकतो. एक तुकडा रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवायचा. वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही.

सुरुवातीला एक-दोन छोटे चमचे, नवव्या महिन्याच्या पुढे एक-दोन मोठे, तेही जेवणासोबत. नुसत्या हमसवर पोट भरवू नका. तंतू जास्त असल्याने बाळ दूध कमी पितं. दुधात भिजवून कुस्करलेल्या ज्वारीच्या भाकरीत तो छान मिसळतो.

तयारच घ्यायचा झाला तर साधा, मधाशिवायचा, १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियमचा डबा शोधा, आणि तोही चणे-तीळ दोन्ही पचल्यानंतर, पाणी घालून, चमचाभरच. हॉटेलच्या ताटलीतला, वर तिखट तेल ओतलेला हमस मोठ्यांनी खावा.