एसएसडी बसवायला दिलेला लॅपटॉप आणि ‘सेटिंग’च्या नावाखाली पळवलेली स्क्रीन

बारा हजार चारशे रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो. दुसऱ्यांचे हिशेब लिहिणं हाच माझा धंदा, आणि तरी मी फसलो, हे वाचून ज्याला हसायचंय त्याने हसून घ्यावं. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या काही अडत पेढ्या आणि दोन-तीन डॉक्टर यांची खाती आणि जीएसटीची रिटर्न्स मी बघतो. पक्कं बिल आणलं नाही म्हणून पार्टीवर ओरडणारा माणूस मी. माझ्या हातात मात्र वहीच्या कागदावरचं ‘एस्टिमेट’ पडलं. ते कसं, ते पुढे येईलच.

लॅपटॉप २०१९ चा. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क आणि १५.६ इंची फुल एचडी आयपीएस, म्हणजे कुठल्याही कोनातून नीट दिसणारी, स्क्रीन. घेताना त्या स्क्रीनसाठीच जास्त पैसे मोजले होते, कारण दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालायचं असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा सपोर्ट बंद झाला, तेव्हा ठरवलं की इलेव्हन टाकायचं आणि हात लागलाच आहे तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, तीही बसवून घ्यायची. जुन्या डिस्कवर टॅली उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा.

दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार चालू आहे आणि वकील मित्राने तोंड बंद ठेवायला सांगितलंय. भररस्त्यावरचं दुकान आहे, मोठा फ्लेक्स आहे, कॉलेजच्या पोरांची गर्दी असते. गर्दी बघूनच गेलो.

भाव ठरला तो असा: ५१२ जीबीची एनव्हीएमई (एसएसडीतली जास्त वेगवान जात) एसएसडी ४,२०० रुपये, बसवणं आणि विंडोज टाकणं ८०० रुपये. एकूण ५,०००. बिल मागितलं. “पक्कं पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील की ओ साहेब, कशाला उगाच?” आता मला कोणी कायदा शिकवू नये, जीएसटी किती आणि कुठे लागतो ते मी झोपेत सांगीन. पण दिवाळी नुकती संपली होती, अकरा तारखेचं जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं रिटर्न, डोक्यावर होतं, आणि नऊशे रुपयांसाठी दुसरं दुकान शोधायला वेळ कोणाला होता? एस्टिमेटच्या कागदावर सही-शिक्का घेतला आणि यूपीआयने पाच हजार दिले. क्यूआर दुकानाच्या नावाचा नव्हता, कुठल्याशा बाईंच्या नावाचा होता. “वहिनींचं अकाउंट आहे, तेच चालू असतंय.” हे वाक्य ऐकलंत की खिशातला फोन खिशातच ठेवा.

आता खरी गंमत. एसएसडीचा डबा त्याने माझ्यासमोर फोडला. सील दाखवलं, ब्लेडने कापलं, आतली पट्टी दोन बोटांत धरून दाखवली. मला काय, समाधान वाटलं. मग ती पट्टी आणि लॅपटॉप घेऊन पोरगा पडद्यामागे गेला. “आत धूळ नको म्हणून वेगळी खोली केलीय.” संध्याकाळी या म्हणाले.

जुनी हार्ड डिस्क चारशेला ठेवून घेतो म्हणत होता. ती मी दिली नाही. त्यात पार्ट्यांचे पॅन नंबर, पोर्टलचे पासवर्ड, सगळ्यांच्या खात्यांचे बॅकअप. जुनी डिस्क कोणालाही देऊ नका, फॉरमॅट करूनसुद्धा नाही, डिलीट केलेला डेटा परत काढणं या लोकांच्या डाव्या हाताचा मळ आहे. एवढं एक तरी माझं शाबूत राहिलं.

संध्याकाळी घ्यायला गेलो तेव्हा लॅपटॉप सुरू करून दाखवला. दहा-बारा सेकंदांत चालू. मी धिस पीसी उघडून बघितलं, तर सी ड्राइव्ह ४७६ जीबी. म्हटलं, ५१२ चे पैसे घेतलेत ना? तो हसला आणि त्याने नीट समजावून सांगितलं की कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून ५१२ चे ४७६ दिसतात, १ टीबीचे ९३१ दिसतात. हे शंभर टक्के खरं आहे. घरी येऊन मी जुनी डिस्क आठवून पाहिली, तिथेही ९३१ च होते. एक गोष्ट त्याने खरी सांगितली आणि त्या एका खऱ्यावर पुढचं सगळं खोटं माझ्या गळी उतरवलं.

कारण त्याच वेळी मी म्हणालो होतो, “स्क्रीन जरा पांढुरकी वाटतेय का हो? अक्षरं मोठी आलीत.”

“विंडोज नवीन आहे साहेब. सेटिंगचा प्रॉब्लेम. हे बघा की.” त्याने डेस्कटॉपवर राइट क्लिक केलं, डिस्प्ले सेटिंग्ज उघडली आणि बोट ठेवून दाखवलं. रिझोल्युशन, म्हणजे स्क्रीनवरचे आडवे-उभे ठिपके, १३६६ × ७६८, पुढे कंसात रेकमेंडेड. “विंडोजच म्हणतंय हे बरोबर आहे म्हणून.”

इथेच. इथेच मला कळायला हवं होतं. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, हे मला माहीत होतं. लॅपटॉपच्या मूळ बिलावर लिहिलंय. त्याने यादी खाली ओढली तेव्हा १३६६ च्या वर काही नव्हतंच, सगळे आकडे त्याच्या खालचे. ती यादी माझ्या डोळ्यांसमोर होती. विंडोज ‘रेकमेंडेड’ काय उगाच म्हणत नाही, पॅनेलच्या आत स्वतःची माहिती साठवलेली असते आणि ती वाचून म्हणतं. म्हणजे लॅपटॉप तोंडाने सांगत होता की माझी स्क्रीन बदललीय. पण समोरचा माणूस माउस हातात घेऊन भराभरा बोलतोय, मागे गिऱ्हाईक उभं आहे, आणि आत्ताच ४७६ वरून आपण येडे ठरलोय. पुन्हा तोंड उघडायची छाती होते का? ज्याची होते त्याला माझा नमस्कार.

दुसऱ्या दिवशी एक्सेल उघडलं आणि पार डोकं उठलं. येणेबाकीच्या रजिस्टरमध्ये माझी मांडणी ठरलेली आहे: ए कॉलमला पार्टीचं नाव आणि डब्ल्यूला येणे बाकी, एका नजरेत पूर्ण ओळ. आता पडदा टी कॉलमलाच संपला. बाकी बघायला सरकवावं लागे, सरकवलं की नाव गायब. परत दुकानात गेलो. मालकाने पोराला सांगितलं, “साहेबांचं कॅलिब्रेशन करून दे.” पोराने क्लिअरटाइप नावाचं विंडोजमधलंच फुकटचं साधन उघडलं. मजकुराचे चौकोन येतात, त्यातला कुठला स्पष्ट दिसतो ते आपण सांगायचं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंग बदलून “आता? आता?” विचारतात तसं मी खुर्चीवर बसून “दुसरा… नाही, चौथा” करत होतो. ३५० रुपये. रोख. वर एक्सेलचा झूम ८५ टक्के करून दिला, अक्षरांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसायला लागल्या.

पुन्हा तक्रार केली तर “डिस्प्लेची केबल कमजोर आहे, जुन्या मॉडेलला होतंय.” १,४५० रुपये. हेही दिले. का दिले? रिटर्न भरायचं होतं म्हणून दिले. वीस तारखेला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं जीएसटी रिटर्न, असतं, उशीर झाला तर लेट फी माझ्या पार्टीला बसते आणि शिव्या मला.

संक्रांतीला भाचा आला पुण्याहून. इंजिनिअरिंगला आहे. तिळगूळ तोंडात असतानाच त्याने लॅपटॉप पुढ्यात ओढला, स्क्रीन मागे-पुढे वाकवली. वरून बघितलं की पांढरी, खालून बघितलं की रंग उलटे, फोटोच्या निगेटिव्हसारखं. “मामा, ही आयपीएस नाही. साधी, स्वस्तातली टीएन आहे. आयपीएस कुठूनही बघा, रंग असे पलटत नाहीत.” मग डिस्कची कुंडली दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम टाकला, क्रिस्टलडिस्कइन्फो. एसएसडीचा इंटरफेस, म्हणजे जोडणीची पद्धत, सिरीयल एटीए, ज्याला साटा म्हणतात. म्हणजे एनव्हीएमई नाहीच. एनव्हीएमई म्हणून जी विकतात ती सेकंदाला दोन-तीन हजार एमबी वाचते, ही साटावाली साडेपाचशेच्या आसपास थांबते. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळजवळ सारख्या. साटावालीच्या पिनांत बहुतेक दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक, पण पडद्यामागे खाच कोण मोजणार? पॉवर ऑन अवर्स ११,४६०. दिवसाचे आठ तास धरले तरी चार वर्षं वापरलेला माल. हेल्थ ७१ टक्के. डब्यावरचा सिरीयल नंबर वेगळा, आतला वेगळा. डबा नवीन फोडला तो खराच होता, फक्त त्यातली पट्टी माझ्या लॅपटॉपात गेली नाही. ती कदाचित संध्याकाळी दुसऱ्या डब्यात, दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर.

आणि ‘ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारा प्रोग्रॅम) नाही म्हणून रिझोल्युशन कमी दिसतंय’ असं कोणी सांगितलं तर डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अॅडॅप्टर्स बघा. तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर असेल तर तो म्हणतोय ते खरं असू शकतं. ग्राफिक्सचं खरं नाव दिसत असेल, माझ्याकडे दिसत होतं, तर ड्रायव्हर आहे आणि तो खोटं बोलतोय.

दुकानात गेलो. भाचा बरोबर. “आम्ही स्क्रीनला हातच लावला नाही.” अहो, मग केबलचे १,४५० कशाचे घेतलेत? “ती बाहेरून चेक केली.” एस्टिमेट दाखवलं तर त्याच्यावर पेनने लिहिलेलं ‘डिस्प्लेची गॅरंटी नाही’. ते मी सही घेताना होतं की नंतर आलं, देव जाणे. कागद माझ्याकडेच होता, म्हणजे होतंच. बारीक होतं.

पोलीस ठाण्यात गेलो. बसवून ठेवलं. ज्यांच्याकडे पाठवलं ते जेवायला गेलेले, आले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “स्क्रीन चालू आहे ना? मग चोरीला काय गेलं?” चांगली स्क्रीन काढून हलकी बसवली म्हटलं, तर “आधी चांगली होती याचा पुरावा?” मूळ बिल पुढे केलं, त्यावर फुल एचडी आयपीएस स्पष्ट छापलंय. “सहा-सात वर्षांपूर्वीचं आहे, मधे कोणी बदलली कशावरून?” पैसे यूपीआयने दिल्याचं दाखवलं. “हे तर बाईंच्या नावावर आहे, दुकानाला दिले कशावरून?” भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक बसते म्हणालो, तर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. “शिकलेले दिसता. मग ग्राहक कोर्टात जा, हे सिव्हिल मॅटर आहे.” दुसऱ्याने १९३० ला फोन करा म्हणून सांगितलं. १९३० ऑनलाइन पैसे उडवण्यासाठी आहे हो, मी स्वतः चालत जाऊन, खुर्चीवर बसून लुटला गेलोय! अर्जाची पोच मागितली तर “साहेब आल्यावर”. साहेब काही आले नाहीत.

मग लॅपटॉपच्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. म्हटलं, माझ्या सिरीयल नंबरला कारखान्यातून कुठलं पॅनेल आलं होतं एवढंच लेखी द्या. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं, मान हलवली, तिला दिसत होतं. पण लेखी? “असं फॉरमॅट नाहीये सर. वर मेल करा.” मेल केला. उत्तर आलं की तुमची वॉरंटी संपली आहे, आमच्या सेवेबद्दल किती तारे द्याल? दुकानदारांच्या संघटनेतल्या एका पदाधिकाऱ्याने तर मलाच समजावलं की एवढ्याशा गोष्टीसाठी कोणाच्या पोटावर पाय देऊ नका. माझ्या पोटाचं काय, असं विचारलं तर चहा मागवला.

स्क्रीन दुसरीकडून बदलून घेतली, फुल एचडी आयपीएस, ५,६०० रुपये, पक्क्या बिलावर, आणि शेजारी स्टूल टाकून बसून. काढलेल्या हलक्या पॅनेलच्या मागच्या लेबलवर मॉडेल नंबरात डब्ल्यूएचएम आहे. पॅनेल बनवणाऱ्या त्या कंपनीच्या फुल एचडी पॅनेलला तिथे एफएचएम असतं. लेबलचा फोटो काढून ठेवलाय, पॅनेलही गोणपाटात गुंडाळून ठेवलंय. दुकानदाराला दिलेले ५,०००, ३५० आणि १,४५० मिळून ६,८०० आणि ५,६०० हे, झाले १२,४००. एसएसडी अजून तीच चालवतोय, रोज संध्याकाळी जुन्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेऊन.

दुरुस्तीला देण्याआधी डिस्प्ले सेटिंग्ज आणि क्रिस्टलडिस्कइन्फोचे फोटो मोबाइलवर काढा, तारखेसकट. स्क्रीन वाकवून खालून-वरून एक व्हिडिओ. काम समोर करत नसेल तर लॅपटॉप बगलेत मारून बाहेर पडा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्याच्या तोंडावर म्हणा, मी म्हटलं नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. ती समेट घडवते, हुकूम काढत नाही, म्हणून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून अर्ज टाकलाय. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करता येतो. एकट्याचा अर्ज असला की तो म्हणणार, हा एकटाच बोंबलतोय. ग्राहक कायद्याच्या कलम ३५ मध्ये एकाच दुकानाने फसवलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. तेव्हा सांगली-मिरज-कुपवाडात ज्यांनी कोणी वहीच्या कागदावर ‘डिस्प्लेची गॅरंटी नाही’ असं लिहिलेलं एस्टिमेट आणि बाईंच्या नावाचा क्यूआर घेतला असेल, त्यांनी आज घरी जाऊन आधी रिझोल्युशन बघा. १३६६ दिसलं आणि मूळ बिलावर फुल एचडी असेल तर कागद फाडू नका, मला कळवा.