डब्याने वजन वाढलं, मांड्या मात्र वाळल्या

‘शंभर टक्के आयुर्वेदिक, पंधरा दिवसांत फरक.’ पांढरा डबा, आत तपकिरी पावडर, दुधातून रोज दोन चमचे. गिऱ्हाईक म्हणजे काडीपैलवान म्हणून चिडवली जाणारी पोरं, नाहीतर आजारातून उठलेली माणसं. आठवड्यात भूक खवळते, महिन्याभरात काटा दोन-चार किलो पुढे सरकतो आणि घरचेच शेजाऱ्यांना डबा सुचवू लागतात. वजन खरंच वाढतं, म्हणून तर ही फसवणूक पकडली जात नाही.

अशा पावडरींत चोरून घातलेली म्हणून सापडणारी दोन औषधं म्हणजे सायप्रोहेप्टाडिन आणि डेक्सामेथासोन. पहिलं ॲलर्जीचं, त्याने भूक आणि झोप वाढते. दुसरं स्टेरॉइड, खरा घात त्याचा. त्याचं 0.75 मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोन या नेहमीच्या स्टेरॉइडचं 5 मिलिग्रॅम. चमच्यात ते दिसणारही नाही. वाढलेले किलो पाण्याचे आणि चरबीचे, चेहऱ्यावर नि पोटावर.

स्नायूत मात्र उलटा कारभार चाललेला असतो. एरवी इन्सुलिन आणि आयजीएफ-1 या वाढीच्या हॉर्मोनमुळे ‘एकेटी’ हे एन्झाइम जागं राहतं आणि फॉक्सओ या प्रथिनाला पेशीच्या केंद्रकाबाहेर, म्हणजे जनुकांपासून दूर, थोपवून धरतं. स्टेरॉइडने हा पहारा ढिला पडतो. फॉक्सओ केंद्रकात शिरून मर्फ-1 आणि ॲट्रोजिन-1 या स्नायू झिजवणाऱ्या एन्झाइमांची जनुकं चालू करतो. ही जोडी 2001 साली उजेडात आली. मर्फ-1 मायोसिनसारख्या प्रथिनांवर युबिक्विटिन या खुणेच्या छोट्या प्रथिनाची साखळी चिकटवतो आणि साखळी लागलेल्या प्रथिनाचे प्रोटिएसोम हे पेशीतलं कापणी यंत्र तुकडे तुकडे करून टाकतं. सुटलेल्या अमिनो आम्लांची यकृतात साखर बनते. शुगर चढण्याचं हेही एक कारण. वरून व्हे प्रोटीन पाजूनही भरपाई होत नाही, कारण नवं प्रथिन बांधणारा एमटॉरचा मार्गही हेच स्टेरॉइड मंदावतं.

कंबर, मांड्या, खांदे आधी जातात. जमिनीवरून उठताना हात गुडघ्यावर टेकतो, एसटीत चढताना दांडा ओढावा लागतो. स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके हे एन्झाइम इथे बहुधा नॉर्मलच येतं, त्यावर जाऊ नका. काट्याबरोबर टेपने मांडीही मोजा.

कळल्यावर रागाने डबा फेकून देणं सगळ्यात महागात पडतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलं असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसॉल, बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. एकदम बंद केलं तर उलट्या, चक्कर, बीपी कोसळणं, प्रसंगी जिवावर बेततं. डब्यासकट फिजिशियनकडे जा आणि सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल तपासायचं का ते विचारा. डेक्सामेथासोन त्या चाचणीत कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जात नाही, त्यामुळे आकडा फारच खाली आला तर संशय बळावतो. पुढे मोजक्या डोसचं स्टेरॉइड देऊन ते हळूहळू उतरवायचं काम डॉक्टरांचं.

उरलेली पावडर, बॅच नंबर आणि पावती घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. डब्यावर परवाना क्रमांक छापलेला आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही, तो कुणीही छापतो. लेबल नसलेल्या सुट्या पुडीचा माग काढणं अवघड जातं. तशा वेळी विकणाऱ्याला पाठवलेल्या यूपीआय पैशांचा स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज तरी पुसू नका.